४०७ : लोड टाकला की चार्जिंगचा दिवा मंद पेटतो, सकाळी बॅटरी उतरलेली. अल्टरनेटर बदलायचा का?

पुरंदर_४०७

गाडी टाटा ४०७, १९९९ची, १२ व्होल्ट. अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) मागे ब्रेकचा व्हॅक्यूम पंप आहे. बॅटरी १०० एएच (अ‍ॅम्पिअर-तास), एक वर्ष जुनी. काम सासवड ते पुण्याचं मार्केट यार्ड, त्यामुळे दिवेघाट कायम अंधारातच उतरायचा.

दिवसा काही तक्रार नाही. रात्री हेडलाईट, दोन फॉग लॅम्प आणि वायपर चालू केले की डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा मंद, लालसर पेटतो. उजेडही पिवळट पडतो. सकाळी सेल्फ (स्टार्टर मोटर) जड फिरतो, कधी धक्का द्यावा लागतो. बॅटरीवर मीटर लावून पाहिलं: सकाळी १२.१, गाडी चालू असताना १३.६, सगळा लोड टाकल्यावर १२.६.

एक वायरमन म्हणतो डायनामो, म्हणजे अल्टरनेटरच, गेला, पूर्ण बदला. दुसरा म्हणतो कुठेतरी शॉर्ट आहे, रात्रभर करंट गळतो. तिसऱ्याने चालू गाडीत बॅटरीची वायर काढून दाखवली, इंजिन बंद पडलं नाही म्हणून अल्टरनेटर ओके ठरवला. कुणाचं धरायचं?

कार्बन_पट्टी

तिसऱ्याला पुन्हा गाडीला हात लावू देऊ नका. जुन्या ४०७चं इंजिन मेकॅनिकल पंपावर चालतं आणि नॉब ओढून बंद होतं. एकदा सुरू झालं की त्याला विजेची गरजच नाही. अल्टरनेटर काढून घरी ठेवला तरी ते चालत राहील, तेव्हा त्या परीक्षेतून काहीच कळलं नाही. वर, चालू गाडीत बॅटरी सुटली की व्होल्टेज क्षणात खूप वर उसळतं आणि रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा) नाहीतर डायोड (एसीचं डीसी करणारे) उडतात. चांगला अल्टरनेटर मारायची ती खात्रीची रीत आहे. कट-ऑफ स्विच बसवला असेल तर तोही इंजिन चालू असताना फिरवायचा नाही.

दुसऱ्याचं गणित करून बघा. १०० एएच बॅटरी पूर्ण भरली की तासा-दोन तासांच्या विश्रांतीनंतर १२.६च्या वर दिसते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. एका रात्रीत १२.६वरून १२.१ला यायचं तर दहा तास सतत पाचेक अ‍ॅम्पिअर गळायला हवेत. एवढ्या करंटने कुठलीतरी वायर हाताला कोमट लागेल, नाहीतर कुठेतरी बल्ब पेटलेला दिसेल. ४०७मध्ये ना ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), ना काही. टेपची मेमरी आणि असलाच तर जीपीएस ट्रॅकर, दोन्ही मिळून मिलिअ‍ॅम्पिअरचा मामला. मला वाटतं बॅटरी रात्री रिकामी होत नाही, ती दिवसभरात भरतच नाही.

आता पहिल्याचं म्हणणं तपासू. त्याआधी बॅटरी बाहेर काढून चार्जरवर पूर्ण भरून घ्या. अर्धवट बॅटरीवर घेतलेल्या रीडिंगवरून वाद घालण्यात अर्थ नाही, कारण उपाशी बॅटरी स्वतःच करंट ओढून व्होल्टेज खाली आणते. भरल्यावर हायड्रोमीटरने सहाही सेल बघा. आपल्याकडच्या बॅटरीला १.२४० ते १.२६० आलं पाहिजे. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५०ने मागे असेल तर बॅटरी गेली, पुढचं सगळं थांबवा. सेल्फ मारताना बॅटरीच्या शिशाच्या पोलवर ९.६च्या खाली यायला नको. पोलवर म्हणजे पोलवरच, क्लॅम्पवर नाही. क्लॅम्प आणि पोल यांच्यातच अर्धा व्होल्ट हरवलेला असतो आणि मीटर क्लॅम्पवर ठेवणाऱ्याला तो कधी सापडत नाही.

मग इंजिन चालू करून हजार-दीड हजार आरपीएमवर धरा, मघाचा सगळा लोड टाका आणि चार रीडिंग घ्या. मीटर डीसी, २० व्होल्ट रेंज.

पहिलं: अल्टरनेटरच्या जाड स्टडवर, म्हणजे बी प्लसवर, लाल प्रोब आणि अल्टरनेटरच्या बॉडीवर काळा.
दुसरं: बॅटरीच्या दोन पोलांमध्ये.
तिसरं: लाल बी प्लसवर, काळा बॅटरीच्या प्लस पोलवर. ०.३पेक्षा जास्त नको.
चौथं: लाल अल्टरनेटरच्या बॉडीवर, काळा बॅटरीच्या मायनस पोलवर. ०.२च्या आत हवं. इथे मीटरने मायनस चिन्ह दाखवलं तर गोंधळू नका, आकडा बघा.

तिसरं, चौथं आणि दुसरं यांची बेरीज पहिल्याएवढी आली पाहिजे. नाही आली तर प्रोब कुठेतरी गंजावर टेकलाय.

बी प्लसवर १३.८ ते १४.४ आणि बॅटरीवर बरंच कमी असेल तर अल्टरनेटर निर्दोष, वाट खराब. बी प्लसवरच १२.६ असेल तर मग बेल्ट, कार्बन (फिरत्या रोटरला करंट पोचवणारे ब्रश), रेग्युलेटर, डायोड या बाजूला वळायचं. बी प्लसवर काम करताना पाना बॉडीला टेकवू नका, तो स्टड गाडी बंद असतानाही बॅटरीला थेट जोडलेला असतो.

भोसरी_वाइंडिंग

वरच्या चारात पाचवं टाका, कारण तुमचं खरं लक्षण मंद पेटणारा दिवा आहे आणि त्याचा अर्थ बहुतेक जण उलटा लावतात.

चार्जिंगच्या दिव्याच्या एका टोकाला चावीतून आलेला बॅटरीचा करंट असतो, दुसरं टोक अल्टरनेटरच्या डी प्लस या छोट्या पिनवर. चावी फिरवली की करंट दिव्यातून रोटरमध्ये, म्हणजे अल्टरनेटरच्या आतल्या फिरत्या कॉइलमध्ये, जातो, दिवा पेटतो आणि रोटरला सुरुवातीचं चुंबकत्व मिळतं. अल्टरनेटर उठला की डी प्लसवरही तेवढंच व्होल्टेज येतं. दोन्ही टोकं सारखी, म्हणून दिवा विझतो. दिवा चार्जिंग मोजत नाही. तो फक्त दोन टोकांमधला फरक दाखवतो, आणि फरक कुठल्याही बाजूने पडला तरी पेटतो.

म्हणून लोड टाकून, दिवा मंद पेटलेला असताना, लाल प्रोब डी प्लसच्या छोट्या पिनवर आणि काळा चावीनंतरच्या एखाद्या फ्यूजवर ठेवा. मीटरने प्लस दाखवलं तर डी प्लस वरचढ आहे: अल्टरनेटर पुरेसं बनवतोय, पण ते बॅटरीपर्यंत आणि चावीपर्यंत पोचताना वाटेत सांडतंय. मायनस दाखवलं तर डी प्लस कमी पडतोय, तेव्हा आतली छोटी डायोड किंवा कार्बन संशयित. बाहेरून दोन्हींत दिवा सारखाच दिसतो. अशा मंद दिव्यावरून अल्टरनेटर काढला जातो, रिपेअरवाला बेंचवर फिरवून ओके म्हणतो, तो परत बसवला जातो आणि दिवा परत पेटतो.

याच दिव्यावरून आणखी एक. डॅशबोर्डवर एलईडी बल्ब लावायची हौस असते. बाकी सगळीकडे लावा, चार्जिंगच्या जागी नको. तिथला दोन-तीन वॅटचा साधा बल्ब रोटरला सुरुवातीचा करंट देतो. एलईडीतून तेवढा जात नाही, मग गाडी सुरू केल्यावर एकदा जोरात रेस केल्याशिवाय चार्जिंग उठत नाही. बल्ब उडाला तरी तेच. लावायचाच असेल तर त्याला समांतर ४७ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर टाका.

डायोडचा संशय असेल तर मीटर एसीवर करून बॅटरीच्या पोलवर लावा, लोडसह. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला तर डायोड प्लेट गेली.

पुरंदर_४०७

बॅटरी चार्जरवर भरली, रात्रभर बाहेर ठेवून १२.६५. सेल १.२५० ते १.२६०. सेल्फ मारताना १०.४. बेल्ट आवाज करत नाही. गाडीवर बसवून लोडसह रीडिंग:

बी प्लस ते बॉडी १४.०
बॅटरी १२.७
बी प्लस ते बॅटरी प्लस १.१
बॉडी ते बॅटरी मायनस ०.२
डी प्लस ते चावीनंतरचा फ्यूज, प्लस १.२
एसीवर ०.०८

कार्बन_पट्टी

बेरीज चोख जुळली, रीडिंग विश्वासाची. अल्टरनेटर १४ देतोय, डायोड ठीक, अर्थिंग काठावर पण चालण्यासारखं. बी प्लस ते बॅटरी या एका वाटेत १.१ व्होल्ट जातोय आणि तोच फरक दिव्यात दिसतोय. नवा अल्टरनेटर बसवला असता तरी रात्री चित्र हेच राहिलं असतं.

आता चोर शोधायचा. काळा प्रोब बॅटरीच्या प्लस पोलवर कायम ठेवा, लोड चालूच. लाल प्रोब बी प्लसच्या स्टडवर, मग त्याच स्टडवरच्या थिंबलवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर), मग पुढच्या जोडावर, असं एकेक पाऊल बॅटरीकडे सरकवा. बऱ्याच गाड्यांत ही वायर आधी सेल्फच्या मोठ्या स्टडवर येते आणि तिथून जाड केबलने बॅटरीला जाते, तेव्हा तो स्टड वगळू नका. प्रत्येक पावलाला आकडा थोडा उतरेल. जिथे एकदम धपकन उतरेल, ती जागा त्या दोन टोकांमध्ये आहे. वायर लपलेली असेल तर प्रोबला टाचणी बांधून इन्सुलेशनमधून टोचा, नंतर त्या भोकावर टेप लावा, नाहीतर पावसाळ्यात तिथूनच तांबं हिरवं पडायला लागेल.

ओहमच्या रेंजवर वायर तपासू नका. चाळीस तारांतल्या चारच तारा शाबूत असल्या तरी मीटर शून्य ओहम आणि बीप देतं, कारण ते मिलिअ‍ॅम्पिअरमध्ये मोजतं. तीस अ‍ॅम्पिअर गेल्याशिवाय त्या वायरचा खरा रंग दिसत नाही.

घाटवाट

वायरिंगचं वरचे बघतील. माझा मुद्दा ब्रेकचा, कारण गाडी दिवेघाटातली आहे.

या अल्टरनेटरच्या शाफ्टवरच व्हॅक्यूम पंप आहे. बेल्ट तुटला की चार्जिंगबरोबर ब्रेकचा बूस्टरही जातो. साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदा पेडल नेहमीसारखं दाबलं जाईल, मग ते दगडासारखं होईल. ब्रेक लागतात, पण पाय पूर्ण ताकदीने रोवावा लागतो. म्हणून घाटात चार्जिंगचा दिवा अचानक लख्ख पेटला, मंद नव्हे, तर पुढच्या गावात बघू म्हणायचं नाही. खालचा गिअर टाकून इंजिनवर गाडी आवरत पहिल्या सुरक्षित जागी थांबायचं, पेडल उगाच पंप करायचं नाही.

बेल्टला आवाज नाही म्हणून तो ठीक असं धरू नका. तेल लागलेला बेल्ट गपचूप घसरतो. दोन पुलींमधल्या सर्वांत लांब पट्ट्यावर अंगठ्याने जोर दिला तर १० ते १२ मिमी दबावा. इंजिन बंद करून अल्टरनेटरचा पंखा हाताने फिरवून बघा. पुली बेल्टमध्ये सरकली तर ढिला आहे. बेल्टच्या कडा काचेसारख्या चमकत असतील किंवा तो पुलीच्या खाचेत तळाला टेकत असेल तर बदला. नवा बेल्ट पहिल्या काही तासांत ताणतो, एकदा परत आवळावा लागतो. फार आवळला तर अल्टरनेटरचं आणि वॉटर पंपाचं बेअरिंग खातो.

पंपाचं ऑइल सील गेलं की इंजिन ऑइल अल्टरनेटरच्या आत येतं. कार्बनची पूड आणि तेल मिळून काळा लगदा होतो, कार्बन होल्डरमध्ये अडकतात आणि स्लिप रिंगला टेकेनासे होतात. चार्जिंग कधी येतं कधी जातं, टपली मारली की येतं. अशा वेळी नुसते कार्बन बदलून भागत नाही. सील बदला, रिंग बारीक पॉलिश पेपरने साफ करा, होल्डर पेट्रोलने धुऊन पूर्ण वाळवा. अल्टरनेटर परत बसवताना पंपाच्या ऑइल पाइपचे वॉशर नवे टाका आणि सुरू करण्याआधी पंपात चमचाभर इंजिन ऑइल सोडा. कोरडा फिरला तर आतल्या पट्ट्या घासतात.

बूस्टर तपासायचा असेल तर इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबा, दाबूनच धरा आणि गाडी सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे.

पुरंदर_४०७

सापडलं. सेल्फच्या अलीकडे हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) टेपखाली पिळून केलेला जोड होता. त्याच्या दोन बाजूंत ०.८. टेप वितळून चिकट झालेली, आतली तांब्याची तार काळी. उरलेल्यात सेल्फच्या स्टडवरचं थिंबल ०.१५. तात्पुरता जोड साफ करून क्रिम्प केला (पकडीने दाबून बसवला) तर लोडसह बॅटरीवर १३.५ आलं, दिवा विझला.

पूर्ण वायर नवी टाकायची आहे. किती जाडीची? आणि हेडलाईट सुधारले, तरी अजून पाहिजे तेवढे पांढरे नाहीत. १००/९० वॅटचे बल्ब टाकू का?

भोसरी_वाइंडिंग

०.८ व्होल्ट आणि तीसेक अ‍ॅम्पिअर म्हणजे २४ वॅट, एका इंडिकेटर बल्बपेक्षा जास्त उष्णता त्या बोटभर टेपखाली. डिझेलची पाइप शेजारून जात असेल तर चार्जिंग ही त्यातली लहान काळजी होती.

वायरचा हिशोब तीन मीटर लांबी आणि ४० अ‍ॅम्पिअर धरून. ६ चौरस मिमीमध्ये साधारण ०.३७ व्होल्ट पडेल, १०मध्ये ०.२१, १६मध्ये ०.१३. सहाची नको, दहा पुरे, सोळा घेतली तर पुढची चिंता मिटली. बारीक तारांची लवचिक ऑटो केबल घ्या. घरगुती वायरिंगची जाड तारांची केबल इंजिनच्या थरथरीने थिंबलजवळ तुटते. केबल आणि तांब्याची थिंबलं नाना पेठेत मिळतील, क्रिम्पिंगची पक्कड नसेल तर तपकीर गल्लीत. हातोडीने चेपलेलं थिंबल पुन्हा टेपखालच्या जोडाच्या वाटेने जातं. मध्ये एकही जोड नको: बी प्लसपासून सेल्फच्या स्टडपर्यंत अखंड. वाटेत फ्यूज टाकणार असाल तर अल्टरनेटरच्या प्लेटवरच्या अ‍ॅम्पिअरपेक्षा मोठा, आणि बॅटरीच्या बाजूला.

१००/९०चे बल्ब आत्ता मुळीच नकोत. तुमचा करंट चावीतून, लाईटच्या स्विचमधून आणि डिपरमधून (हाय-लो स्विचमधून) फिरून बल्बपर्यंत जातोय. बल्बच्या होल्डरवर लोडसह मोजा, १२ किंवा त्याहून कमी मिळेल. बल्बला १३.५च्या जागी १२ मिळाले तर उजेड साधारण तिसऱ्या हिश्शाने घटतो, आणि मोठा बल्ब टाकला की तोच स्विच जास्त तापून अजून व्होल्टेज खातो. शेवटी डिपर जळतो.

साधे ६०/५५ ठेवा आणि दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारे स्विच, पायांवर नंबर असतात) टाका, एक हाय, एक लो. रिलेच्या ३०ला बॅटरीकडून २० अ‍ॅम्पिअर फ्यूजमधून ४ चौरस मिमी वायर. ८७वरून बल्बकडे २.५ची. ८६ला जुन्या हेडलाईटच्या पिनमधून येणारी वायर, आता तिच्यावर फक्त रिलेची कॉइल. ८५ अर्थला. बल्बच्या अर्थ वायरही नव्या, थेट चॅसीला, रंग खरवडून. होल्डर तपकिरी झाले असतील तर सिरॅमिकचे लावा. फॉग लॅम्पलाही वेगळा रिले. दोन ५५ वॅटचे म्हणजे आठ अ‍ॅम्पिअर, हेडलाईटचे नऊ, वायपरचे चारेक. आयडलिंगला अल्टरनेटर प्लेटवरच्या आकड्याचा लहानसा भागच देतो. यार्डात गेटवर रांगेत उभं असताना फॉग बंद ठेवा.

कार्बन_पट्टी

आता हात काळे झालेच आहेत तर अर्थिंगचा तो ०.२ही उतरवून घ्या. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्याचा चॅसीशी विजेचा संबंध फक्त एका विणलेल्या पट्टीने. ती पट्टी हिरवी आणि अर्धी तुटलेली असते. ३५ चौरस मिमीची नवी केबल इंजिन ब्लॉक ते चॅसी टाका, आणि बॅटरी मायनस ते चॅसी या केबलची दोन्ही टोकं उघडून साफ करा. पट्टी पूर्ण तुटली तर सेल्फचा करंट परत यायला अ‍ॅक्सिलरेटर किंवा क्लच केबलची वाट धरतो आणि केबल आतून चिकटते.

मागे हौदाला (माल भरायच्या भागाला) अर्थ वेगळी आहे का तेही बघा. इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवा मंद लुकलुकतो, हे तिथली अर्थ गेल्याचं लक्षण. हौद लाकडाचा असेल तर टेल लॅम्पची अर्थ वायर चॅसीपर्यंतच न्यावी लागते.

पावणेबारा_व्होल्ट

वरचं वाचून गळती मोजायला कोणी मीटर बॅटरीच्या वायरीत अ‍ॅम्पिअरवर लावणार असेल तर: लाल प्रोब १० अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटमध्ये, सगळं बंद, दार बंद, आणि मीटर लावलेलं असताना चावी फिरवायची नाही. सेल्फचा करंट शेकडो अ‍ॅम्पिअरचा, मीटरचा फ्यूज उडतो. ५० मिलिअ‍ॅम्पिअरच्या आत असेल तर सोडून द्या. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, आणि सगळे काढूनही उतरत नसेल तर शेवटी बी प्लसची वायर सोडवा. त्याने शून्य झालं तर डायोडमधून उलटं गळतंय.

हौदाला वेल्डिंग करायची असेल त्या दिवशी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि अल्टरनेटरची प्लग-वायर काढा, आणि वेल्डिंगची अर्थ कामाच्या शेजारीच लावा, पुढच्या बंपरला नाही.

पुरंदर_४०७

सोळाची केबल टाकली, इंजिनची अर्थ पट्टी नवी. लोडसह बी प्लस १४.०, बॅटरी १३.७. दिवा पूर्ण विझलेला. रिलेचं काम पुढच्या खाड्याला करतो. पोलवर पांढरा क्षार येतो, त्यावर ग्रीस चालेल का?

कार्बन_पट्टी

आधी मायनस काढा, मग प्लस. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून क्षार धुवा. सेलची झाकणं घट्ट असू द्या, सोडा आत गेला तर अ‍ॅसिड मरतं. वाळवा, पोल आणि क्लॅम्प चमकेपर्यंत घासा, आवळा, आणि आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली. आवळण्याआधी मध्ये काही लावू नका. जोडताना प्लस आधी, मायनस शेवटी. क्षार फक्त प्लसवर आणि महिन्याभरात परत येत असेल तर पोलच्या बुडाशी सील फुटलंय, बॅटरीवाल्याला वॉरंटीत दाखवा. पाणी लवकर उतरू लागलं तर बी प्लस १४.६च्या वर जातोय का ते बघा, म्हणजे रेग्युलेटर.

रिले बसवताना पाय खाली करून बसवा, पाणी साचत नाही.